मराठी अक्षरांचा मोबाइल

आमच्या चाळीत कुणाकडे नवीन मिक्सर, पंखा किंवा वॉशिंग मशीन घ्यायचं घाटत असलं की बाबांना बोलावणं यायचं. "काका, जरा येऊन बघा ना, घ्यावं का." बाबा काही इंजिनियर नव्हते. सातवी शिकून गावाहून आलेला माणूस. परळच्या एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं साचे चालवले आणि गिरणी बंद पडल्यावर अंधेरीला एका बिल्डिंगमध्ये वॉचमन म्हणून लागले. पण यंत्राची पारख म्हणाल, तर जोगेश्वरीच्या आमच्या गुंफेकडच्या गल्लीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. त्यांची पद्धत ठरलेली. ती वस्तू ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, मग "चालू करा" म्हणायचं आणि चालू यंत्रावर उजव्या हाताचा तळवा टेकवून डोळे मिटून उभं राहायचं. सगळं घर श्वास रोखून बघत असायचं. मग बाबा डोळे उघडून सांगायचे, "बेरिंग सहा महिन्यांत जाईल," किंवा "घ्या, नातवंडांपर्यंत चालेल." आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. माझा मुलगा आता साधी इस्त्री घ्यायची तरी फोनवर शंभर अनोळखी माणसांची मतं वाचतो, तारे मोजतो. मला त्यातलं काही लक्षात राहत नाही. माझ्या डोळ्यांपुढे बाबांचा तो रुंद तळवा येतो.

आमच्या स्वतःच्या घरात मात्र या पारखीपायी आईचा जीव मेटाकुटीला यायचा. रोजचं वाटप, ओलं खोबरं, धणे, लाल मिरच्या, सगळं पाट्यावर. आजूबाजूला घरोघरी मिक्सर आले, तरी बाबांना पसंत पडेल असा मिक्सर जगात निघेना. आई दोन दिवाळ्या थांबली. तिसऱ्या वेळी बाबा एक बुटका, जड, चॉकलेटी रंगाचा मिक्सर घेऊन आले. दिसायला इतका कुरूप की आईने पहिल्या दिवशी त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवला. पण त्याने तिला अठरा वर्षं साथ दिली. तो सुरू झाला की सगळ्या गल्लीला कळायचं, आज शैलाच्या, म्हणजे माझ्या, घरी माशांचं तिखलं आहे. ताटं हलायची, रेडिओ ऐकू यायचा नाही, मी पुस्तक घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसायची. बाबा मात्र त्या मिक्सरच्या अगदी बाजूला मजेत पेपर वाचत बसलेले असायचे. आम्ही म्हणायचो, काय शांत माणूस आहे.

आईची एक सवय होती. बाबांशी काही बोलायचं असलं की आधी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावायचा, समोर उभं राहायचं आणि मग बोलायचं. घर म्हणजे एकच खोली, मधे भिंतसुद्धा नाही, तरी ती घावणे टाकता टाकता उठून त्यांच्यासमोर जायची. बाबांना थोडं कमी ऐकू येतं हे मला ठाऊक होतं. साच्यांच्या धडधडीत राबलेल्या सगळ्याच कामगारांचं थोडंफार तसं असतं, म्हणून आमच्या वस्तीत सगळे मोठ्यानेच बोलायचे. त्यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता. पोरवयात आपल्या आईबापाच्या सवयी भिंतीवरच्या घड्याळासारख्या वाटतात. त्या तिथे असतात, बस्स. शेजारच्या सावंतांकडे फोन होता आणि गावाहून फोन आला तर तो आईनेच घ्यायचा, हेही तसंच. "बाबा फोनवर येत नाहीत," एवढं सांगितलं की पुरे व्हायचं.

मला अंधेरीला एमआयडीसीत एका एक्सपोर्ट कंपनीत टायपिंगची नोकरी लागली तेव्हा मोबाइल नुकते साध्या माणसांच्या हातात दिसायला लागले होते. आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे, त्यामुळे लोक मिस्ड कॉल देऊन एकमेकांना खुणा करायचे. एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे खाली ये. ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीने, रेश्माने, घेतला आणि मला राहवेना. मी एक दिवस तिचा फोन घरी आणला आणि रिवाजाप्रमाणे बाबांच्या पुढ्यात ठेवला. "बघा ना बाबा, घ्यावा का?"

बाबांनी त्याला हातही लावला नाही. "ह्याची गरज नाय."

"पण बघा तरी!"

"ज्याला बोलायचं आसा तो घरी येईल."

"बाबा, सगळ्या चाळीच्या वस्तू तुम्ही तपासून देता. मिक्सरला दोन दिवाळ्या घालवल्यात. मग हीच वस्तू न बघता वाईट कशी?"

ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. मी आईकडे बघितलं. आई कोकमं निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "घे तुका होया तर. त्येंका विचारू नको." आमच्या घरात बाबांनी न तपासता आलेली ती पहिली वस्तू. पुढे वर्षभराने आलेल्या फोनचे पैसे पडेनासे झाले, मी हौसेने रंगीत पडद्याचा नवा मोबाइल घेतला आणि जुना घरी ठेवला. आईने ब्लाऊजच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवून तो खिळ्याला टांगला. बाबा त्या खिळ्याच्या बाजूला फिरकत नसत.

त्या मे महिन्यात आई मावशीकडे कणकवलीला गेली होती. परतीची बस पहाटे यायची, ती वाटेत बंद पडली. आईने पनवेलहून बूथवरून मला ऑफिसात फोन केला, दुसरी गाडी मिळाली आहे, दोन वाजेपर्यंत जोगेश्वरीला हायवेवर उतरेन, सामान फार आहे, ह्यांना पाठव. बाबांची त्या दिवशी सुट्टी होती. मी घरचा मोबाइल लावला. बराच वेळ वाजला. शेवटी उचलला गेला. मी ओरडूनच बोलले, कारण आमच्याकडे तसंच बोलतात. "बाबा, आई दोन वाजता हायवेला उतरतेय. पुलाखाली. तुम्ही न्यायला जा. कळलं ना?"

"होय होय," बाबा म्हणाले. "बरां. ठेव."

मी निश्चिंत होऊन कामाला लागले.

संध्याकाळी घरी आले तर दारात चपलांची ही गर्दी. आई खाटेवर, उजव्या मनगटाला पांढरं प्लास्टर, कपाळाला पट्टी. भर उकाड्यात ती पुलाखाली दीड तास उभी होती. शेवटी स्वतःच आंब्याची पेटी आणि तांदळाची पिशवी उचलून रस्ता ओलांडायला निघाली आणि चक्कर येऊन दुभाजकावर पडली. एका रिक्षावाल्याने तिला उचलून दवाखान्यात नेलं, सामानासकट घरी आणून सोडलं आणि भाडंही घेतलं नाही. बाबा खाटेच्या पायथ्याशी बसले होते. शेजारपाजारचे गेल्यावर मी त्यांच्यावर अशी काही तुटून पडले की आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

"मी सांगितलं होतं तुम्हाला! ओरडून सांगितलं! तुम्ही हो म्हणालात. काय करत होतात घरी बसून? तिचा हात मोडला बाबा, डोकं फुटलं असतं!"

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. मग खाली बघून म्हणाले, "शैले, फोनवर माका एक अक्षर आयकाक येत नाय."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे कायच नाय. नुसती घरघर. समोर माणूस असला की ओठ बघून समजतं. खात्यात आम्ही सगळे असेच बोलायचो, तिथे आवाजाचा उपयोगच नव्हता. पण फोनला ओठ नसतात." त्यांनी खिळ्यावरच्या पिशवीकडे बघितलं. "ती थरथरताना दिसली. उचलला नसता तर तू काळजी करत बसली असतीस. म्हणून उचलला. कायतरी खुशाली विचारत असशील म्हणून हो म्हटलं."

मिक्सरवरचा तळवा, मिटलेले डोळे, आईचं उठून समोर जाणं, सगळं एकदम कळलं. ते यंत्र ऐकत नव्हतेच कधी, हाताने वाचत होते. मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"माका म्हायत होता," आई म्हणाली. "पाठसून हाक मारलंय तर वळायचे नाय. पण इतक्या झाला आसा, ह्यां नाय म्हायत." आणि मग डाव्या हाताने तिने बाबांच्या खांद्याला स्पर्श केला, त्यांनी वर बघेपर्यंत थांबली आणि सावकाश म्हणाली, "सांगाक काय झाला होता?"

काय झालं होतं ते त्यांनी मग सांगितलं. बहिरा वॉचमन कोण ठेवणार? सोसायटीत कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. एक गिरणी गेली तेवढी पुरे. त्यात गेल्या मीटिंगला सेक्रेटरी कर्णिकबाईंनी इंटरकॉम बसवायचा विषय काढला होता. बाबांची यंत्रातली माहिती तिथेही प्रसिद्ध, म्हणून त्यांनाच विचारलं, घ्यावा का? आणि बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या वस्तूबद्दल खोटं सांगितलं. म्हणाले, बाई, नका घेऊ, दमट हवेत टिकत नाही. त्याची त्यांना जी लाज वाटत होती ती ऐकू न येण्यापेक्षा मोठी होती. "चांगली वस्तू होती ती," ते म्हणाले. "वायरिंग पण चांगलं होतं."

त्यानंतर महिनाभर मी बाबांसाठी वस्तू शोधत होते. आधी कानाचं यंत्र. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नसाच गेल्या आहेत, फार फरक पडणार नाही, तरी आठवडाभर लावून बघा. बाबांनी ते अगदी शिस्तीत लावलं. पण त्यातून शब्द मोठे होत नव्हते, गोंगाटच मोठा होत होता. रिक्षा, कुकर, पत्र्यावरचे कावळे, सगळं एकत्र. आठव्या दिवशी त्यांनी ते डबीत घातलं. "परत खात्यात उभा राहिल्यासारखा वाटता. वस्तू वाईट नाय, पण माझ्या कामाची नाय." मला रडू येत होतं आणि त्यांचा चेहरा मात्र गंभीर, एखाद्या शेजाऱ्याच्या पंख्याबद्दल बोलावं तसा.

मेसेजची कल्पना रेश्माची. मी म्हटलं, अगं, बाबांना इंग्रजी अक्षरं लावता येत नाहीत. ती म्हणाली, आता मराठी अक्षरांचे फोन निघालेत, बघ ना स्टेशनजवळ. रविवारी मी बाबांना घेऊन अंधेरी स्टेशनासमोरच्या बाजारात गेले. चार दुकानांत नव्हता. पाचव्या दुकानातल्या पोटसुट्या मालकाने आधी कॅमेऱ्याचा काढला, मग घडी होणारा काढला. "काका, हा बघा, चाळीस रिंगटोन! आवाज तर असा की अख्खी बिल्डिंग जागी होईल!" बाबांनी त्याच्या ओठांकडे लक्ष देऊन पूर्ण ऐकून घेतलं आणि नम्रपणे म्हणाले, "आवाज नको. अक्षरं दाखवा." मी हसू दाबायला बाहेर बघू लागले. शेवटी मालकाने मागच्या कपाटातून एक जाडजूड काळा-पांढरा फोन काढला. कुणी घेत नाही म्हणून धूळ बसली होती. बटणांवर इंग्रजीच्या बाजूला बारीक क, च, ट, त छापलेले. बाबांनी चष्मा लावला. एक बटण दाबलं, क. दोनदा दाबलं, ख. तीनदा, ग. तिथेच काउंटरशी उभं राहून त्यांनी अर्धा तास लावून आईचं नाव लिहिलं, 'सुलोचना'. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. मालक घड्याळ बघत होता. बाबांनी फोन उलटा-पालटा करून बघितला, बटणं एकेक दाबून बघितली आणि मान हलवली. घेतला.

पण मेसेज पाठवायचं नाव नाही. रोज ड्युटीवरून आले की खुर्चीत बसून लिहायचे आणि पुसायचे. वेलांट्या चुकतात म्हणायचे. "चुकीचा लिवन पाठवूचा कित्याक?" आईचं प्लास्टर निघालं, नारळी पौर्णिमा होऊन बाजारात ताजी मासळी पुन्हा दिसायला लागली, तरी माझ्या फोनवर बाबांचा एकही मेसेज आला नव्हता.

आणि मग सोसायटीत इंटरकॉम आलाच. कर्णिकबाईंनी दुसऱ्या कुणाला विचारून घेतला. सोमवारी सुरू होणार होता. रविवारी जेवताना बाबा म्हणाले, "उद्या बाईंना सांगणार. आधी खोटा बोललंय तां पण सांगणार." आईने त्यांच्या पानात आणखी भात वाढला. त्यांची नोकरी गेली तर घर माझ्या पगारावर चालणार होतं आणि ते अशक्य नव्हतं. पण घरी बसलेले बाबा मी एकदा बघितले होते, गिरणी गेली तेव्हा. दिवसभर पायरीवर बसून ते स्वतःच्या हातांकडे बघत राहायचे. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं.

सोमवारी ऑफिसात माझं एक पत्र धड टाइप होईना. निघताना मी बाबांना म्हटलं होतं, काय होईल ते मेसेज करून कळवा, वेलांटी चुकली तरी चालेल. साडेतीनच्या सुमाराला फोन वाजला. बाबांचा नंबर. मी घाईघाईने उघडला आणि माझ्या त्या महागड्या रंगीत पडद्यावर नुसते चौकोन. रिकामे चौकोन, एकामागे एक, मधेच एक पूर्णविराम, पुन्हा चौकोन. फोन बंद करून चालू केला. तरी चौकोनच. रेश्माने बघितलं. "तुझ्या फोनात मराठी नाहीये गं. अक्षरं येणारच नाहीत." इतके दिवस हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"पण काय लिहिलंय?"

"मला काय ठाऊक? फोन करून विचार ना," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

मी ते चौकोन मोजले. पूर्णविराम तीन. वाईट बातमी लांब असते की छोटी? 'काढून टाकले' किती चौकोनांचं होतं? दहा मिनिटं असला वेडेपणा केल्यावर मी साहेबांना पोटात दुखतंय म्हणून सांगितलं, रिक्षा पकडली आणि पुलावरून पश्चिमेला निघाले. वाटेत सिग्नलवर रिक्षा थांबली की मी पुन्हा फोन उघडून बघायची, जणू तेवढ्यात अक्षरं उमटणार होती.

बिल्डिंगच्या गेटशी रिक्षा थांबली तेव्हा बाबा स्टुलावर बसले होते. खाकी शर्ट अंगावर, टोपी डोक्यावर. बाजूच्या केबिनमध्ये भिंतीला नवा कोरा इंटरकॉम लावलेला आणि त्याच्यासमोर दुसरे वॉचमन यादवकाका ऐटीत बसलेले. बाबांनी मला बघितलं, मग माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"बांगडे खंय?"

"कसले बांगडे?"

"मेसेज नाय वाचलंस?"

त्यांनी खिशातून आपला फोन काढून माझ्यासमोर धरला. काळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'ठेवले कामावर. आईला सांग. येताना बांगडे आण, ताजे बघून.' एकही काना-मात्रा चुकली नव्हती. मी तिथेच गेटला धरून हसायला लागले आणि हसता हसता रडायलाच लागले. यादवकाका घाबरून पाणी घेऊन आले.

मग बाबांनी सगळं सांगितलं. कर्णिकबाईंनी ऐकून आधी एकच विचारलं. "इतकी वर्षं मी बोलते ते तुम्हाला कळतं कसं?" बाबा म्हणाले, "ओठांवरून. तुम्ही स्पष्ट बोलता." बाईंना खरं वाटेना. त्या पहिल्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या आणि आवाज न काढता काहीतरी म्हणाल्या. बाबांनी खालून उत्तर दिलं, "टाकीचं झाकण सकाळीच लावलं बाई." बाई खाली आल्या त्या थोड्या ओशाळल्या होत्या. "मग आम्ही गॅलरीतून एकमेकींशी काय बोलतो, तेही...?"

"मी वॉचमन आहे बाई," बाबा म्हणाले. "बघतो. सांगत नाही."

बाईंनी यादवकाकांना इंटरकॉमवर बसवलं आणि बाबांना गेटवर ठेवलं. इंटरकॉम दमट हवेत टिकत नाही, त्या थापेबद्दल बाबांनी माफी मागितली, तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "ते मी ऐकलंच नाही असं समजा."

बाबांची ड्युटी सुटेपर्यंत मी यादवकाकांजवळ बसून राहिले. मग आम्ही दोघे बाजारात गेलो आणि सहा बांगडे घेतले. वाटेत त्यांनी माझा फोन मागून घेतला, ते चौकोन नीट बघितले, पडद्यावरचं रंगीत फुलपाखरू बघितलं. "हो फोन महाग ना गो?" मी हो म्हटलं. त्यांनी तो परत माझ्या हातात ठेवला.

शनिवारी मी घरी सांगून त्याच दुकानात गेले, रंगीत फोन काउंटरवर ठेवला आणि बाबांच्यासारखाच काळा-पांढरा मागितला. मालक म्हणाला, "मॅडम, लोक साधा देऊन कलर नेतात, तुमचं उलटंच." मी त्याला काही समजावत बसले नाही. त्याने माझं कार्ड काढून नव्या फोनात घातलं, तो सुरू केला आणि माझ्या हातात ठेवला. मी दुकानाच्या पायऱ्या उतरत होते तेवढ्यात तो वाजला. उघडला. स्वच्छ, ठळक मराठी अक्षरं.

'मीठ संपले आहे. जाडे आण.'